बाबा, जुनी डिस्क माझ्याकडे आहे

बेंगळुरू

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी मुद्द्याचं सांगते. तुमच्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क मी काढली आणि इकडे घेऊन आले. तुम्ही डोळा दाखवायला मिरजेला गेला होतात ना, त्या दुपारी. आता आत आहे ती नवी एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी डिस्क. डेस्कटॉपवरचं सगळं जिथल्या तिथे आहे, 'नवीन फोल्डर २'सुद्धा, आणि मी काहीही आवरून ठेवलेलं नाही. पत्र आई वाचून दाखवत असेल तर आधी डोळ्यांत थेंब घालून घ्या. मग चिडा.

विचारलं असतं तर "चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा?" म्हणाला असतात. हार्मोनियमच्या वेळी हेच म्हणाला होतात. म्हणून विचारलं नाही. आणि हे फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्याला तुम्ही फोन आईकडे दिला असता.

डिस्क कट्-कट् करत होती. तुम्हाला वाटलं पंखा. पंखा घरघरतो, बाबा. थांबून थांबून कट् वाजतं ते आतला हेड, म्हणजे वाचणारी-लिहिणारी सुई म्हणा, जागा न सापडल्यामुळे पुन्हा पुन्हा मागे येतो म्हणून. आत चकत्या असतात, त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, आणि हेड त्यांच्यावरून न टेकता फिरतो, मध्ये अंतर काही नॅनोमीटरचं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. आपल्याकडे वीज कशी जाते नि कशी येते ते तुम्हीच रोज ऐकवता. इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या त्या पळभरात टीव्ही तगतो, कॉम्प्युटर नाही. असे किती हिसके बसले असतील तिला! मी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्रॅम टाकून बघितलं, तर डिस्कची तब्येत पिवळ्यात दाखवत होता. म्हणजे खराब झालेल्या जागा सोडून ती राखीव जागेत लिहायला लागली होती. अशी डिस्क वर्षभर चालेल नाहीतर उद्या सकाळी बसेल, कुणी सांगू शकत नाही. बसल्यावर आतला डेटा काढून देणारे असतात, पण हजारोंनी पैसे घेतात, आणि चकतीला ओरखडा पडला असेल तर तेही काही करू शकत नाहीत.

म्हणून आधी पूर्ण प्रत काढली, मग डिस्क बदलली. जुनी फॉरमॅट केलेली नाही. चंदेरी पिशवीत घालून माझ्या कपाटात ठेवली आहे, वरच्या कप्प्यात, मुलांचा हात पोचत नाही तिथे.

खरं सांगायचं तर फोटोंची मला फारशी काळजी नव्हती. फोटो दादाकडे, मावशीकडे, कुणाकुणाकडे निघाले असते. कुलवृत्तांत कुठून निघणार होता? तुम्ही बँकेतून यायचात, जेवायचात आणि टाइप करायला बसायचात. मी शेजारच्या गादीवर आडवी पडून विचारायची, "बाबा, आता कोण मेलं?" तुम्ही न वैतागता सांगायचात, प्लेगमध्ये कोण, बाळंतपणात कोण, काशीला जाऊन परत न आलेला कोण. ऐकता ऐकता मला झोप लागायची. अजूनही ऑफिसात कुणी जोरजोरात टायपिंग करायला लागलं की मला जांभई येते, खोटं नाही सांगत.

तर तो सगळा मजकूर श्रीलिपीत आहे, म्हणजे त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर पहिलं प्रकरण उघडलं तेव्हा मराठीचं एक अक्षर दिसेना. रोमन अक्षरं, टिंबं, डोक्यावर टोपी घातलेले ए आणि ओ, असा नुसता खच. त्या काळच्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसायचा. कुठल्यातरी रोमन चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट नसेल तर चित्रही नाही. म्हणजे फाइल सुखरूप आणि आपली नऊ पिढ्यांची माणसं गायब, असं झालं असतं. म्हणून फॉन्टच्या फाइली शोधून त्याच फोल्डरमध्ये ठेवल्या. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ केली, ती कुठल्याही कॉम्प्युटरवर आहे तशी दिसेल. आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे 'क' हा 'क' म्हणूनच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलून घेतला, पण त्या कन्व्हर्टरने रफाराचं वाटोळं केलंय. आपले कीर्तनकार पणजोबा 'कीतर्नकार' झालेत. मूळ फाइलींना मी बोटही लावलेलं नाही, आणि हे रफार दुरुस्त करणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. पण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. रोज दोन पानं, दुपारची झोप झाल्यावर, चष्मा लावून. रात्री नाही म्हणजे नाही.

आई, आता तुझं. मुंजीच्या सीड्यांपैकी एक वाजलीच नाही. वर मार्करने लिहिलेलं नाव अजून ठसठशीत आहे, आत काही राहिलेलं नाही. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो, उन्हाने, उकाड्याने, दमटपणाने तो हळूहळू जातो. वाईट वाटून घेऊ नकोस, त्यातले बरेच फोटो दादाकडे सापडले. पण आजीच्या ओव्या मिळाल्या! कॅसेटवरून उतरवलेली फाइल डी ड्राइव्हवर 'आईचे इतर' मध्ये होती. पूर्ण ऐकली. तिसऱ्या ओवीनंतर आजी खोकते आणि म्हणते, "ते बंद कर गं आधी," आणि तू बंद करत नाहीस. मागे आपल्या कुकरच्या शिट्ट्या. तुझ्या फोनवर घातली आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून बहिणींना पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटोंचंही तसंच, नाहीतर ते बारीक करून पाठवतं.

आता प्रती कुठे कुठे आहेत. एक कॉम्प्युटरमध्ये. दुसरी त्या निळ्या छोट्या डिस्कवर, गोदरेजच्या कपाटात, शालूखाली. तिसरी विट्याला मावशीकडे. हो, घरचं बाहेर दिलं, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. पण बाबा, २०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तुम्ही गव्हाच्या डब्याआधी सीपीयू माळ्यावर चढवलात, ते आई अजून विसरलेली नाही. दोन्ही प्रती एकाच घरात असतील तर पाण्याला काय, दोन्ही सारख्याच. विट्याला प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे पूर कुठला येतोय! आणि मावशीकडच्या डिस्कवर फक्त कुलवृत्तांत, ओव्या आणि फोटो आहेत. पेन्शनचे, बँकेचे, जमिनीचे कागद त्यातून काढले आहेत. आत्यापर्यंत काही जाणार नाही, निश्चिंत राहा.

दादाचं म्हणणं, सगळं गूगल ड्राइव्हवर टाक. फुकट जागा १५ जीबी, त्यातच मेल आणि फोटोही बसवायचे, आपले फोटोच त्यात मावत नाहीत. शिवाय कॉम्प्युटरला जोडून ठेवलं तर इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. कचरापेटीत ३० दिवस राहतं, मग कायमचं गेलं. तुमचा डिलीटचा वेग मला ठाऊक आहे. कुलवृत्तांताच्या पीडीएफ तेवढ्या तिथे ठेवल्या आहेत, जास्तीच्या म्हणून.

महिन्याचं काम एकच, आणि ते संकष्टीला. आईचा उपास असतोच, चंद्रोदयासाठी कालनिर्णय बघितलं जातंच. दिवा लावला की निळी डिस्क जोडायची. आरती होऊन पानं वाढली की काढायची. मी फाइल हिस्टरी लावून ठेवली आहे, नवं आणि बदललेलं तेवढं ती आपलं आपण उचलते. डी ड्राइव्हही त्यात धरला आहे. कॉपी-पेस्ट कुणी करायचं नाही. बाबा, तुम्ही तर मुळीच नाही. काढताना आधी इजेक्ट, मग वायर. आणि काढायचीच. "राहू दे तिथेच लटकत" चालणार नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडली तर जोडलेलं सगळं एकदम जातं. शिवाय २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला होता तसले व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावतात. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि आपल्या कॉम्प्युटरवर ११ चढत नाही, म्हणून त्यावर बँकेचं काही उघडू नका. बाकी टाइप करा, पत्ते खेळा, नाट्यगीतं लावा, काही अडत नाही. उलट आता तुमचा चहा निवायच्या आत तो सुरू होतो, बघितलंत ना?

निळ्या डिस्कची वायर टेबलावर आणून चिकटपट्टीने बसवली आहे. खाली वाकायचं नाही. ऑपरेशननंतर वाकायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि आई, तुझे गुडघे काय कमी आहेत का? शेजारचा मुलगा येतो म्हणालाय, त्याला हाक मारा. त्याला पैसे देऊ नका, भडंग द्या.

पुढच्या संकष्टीला मी फोन करीन. निळ्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून मला पहिली ओळ वाचून दाखवायची. प्रत काढलेली असणं वेगळं आणि ती उघडणं वेगळं, आमच्या ऑफिसातही हे वेळ आल्यावरच कळतं. मी रोज तिथे नसते, नाहीतर तुम्हाला कशाला एवढा ताप दिला असता? आई, शुगर तपासून आकडा पाठव. "बरी आहे" हा आकडा नाही.

तुमची,
चिमी

ता. क. : कीबोर्डखाली चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी मी काढली आहे. आईच्या हिशेबाच्या वहीत, गॅसच्या पावत्यांच्या मागे आहे. बाबा, तिथून काढून परत कीबोर्डखाली लावू नका.