कॉलेज क्रीडा म्हणजे फक्त बडी विद्यापीठे नव्हेत

महोदय,

अमेरिकी कॉलेजांना खेळाडूंना थेट मानधन देण्याची मुभा मिळाल्यावरचा आपला लेख वाचला. तिथला कॉलेज खेळ आता निव्वळ बाजार झाला, हा निष्कर्ष पटला नाही. लेखात छोट्या कॉलेजांचा उल्लेखच नाही.

ओहायो नदीकाठच्या मॅरिएटा कॉलेजात डॉन शेली १९६४ ते २००३ अशी सलग ४० वर्षे बेसबॉलचे मुख्य प्रशिक्षक होते. मॅरिएटासारख्या छोट्या कॉलेजांच्या ‘डिव्हिजन थ्री’ या गटातल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, मुले येतात ती शिकायला आणि खेळाच्या ओढीने. अशा मुलांना घेऊन शेलींनी १,४४२ सामने जिंकले, म्हणजे पाचातले चार! शिवाय १९८१, १९८३ आणि १९८६ची राष्ट्रीय विजेतेपदे. त्यांच्याकडे खेळलेला केंट टेकुल्वी हा चष्मेवाला, काटकुळा मुलगा पुढे हात जवळजवळ जमिनीलगत आणून चेंडू टाकण्यासाठी ओळखला गेला. व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याला कुणी विचारले नव्हते. १९७९च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, अखेरचा सामना पिट्सबर्गच्या संघासाठी शेवटचे चेंडू टाकून त्यानेच संपवला.

एका गावात चार दशके पाय रोवून राहणारे असे प्रशिक्षक लेखात यायलाच हवे होते.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, पुणे