फाळ्याच्या रानाविषयी मित्रास पत्र

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

शेजारचे दोन एकर वैरणीसाठी एका वर्षाच्या बोलीवर फाळ्याने, म्हणजे ठरावीक भाड्याने, घेणार असल्याचे तू फोनवर सांगितलेस, तेव्हापासून मला चैन पडेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे. रान अवश्य घे, पण एका वर्षासाठी घेऊ नकोस.

दिवाळीत आपण त्या रानात मक्याचे एक ताट मुळासकट खणून काढले होते, ते आठव. मुळे सहा इंच सरळ उतरली होती आणि तिथून काटकोनात वळून आडवी पसरली होती. ते रान दरसाल नव्या माणसाकडे जाते आणि जो तो रोटाव्हेटर फिरवून, पेरून मोकळा होतो. वरची माती पिठासारखी होते, पण पाती पोचतात त्याच्या खाली, वाफसा येण्याआधीच घातलेल्या फेऱ्यांनी आणि ट्रॅक्टरच्या वजनाने, कठीण थर बसत जातो. पावसाळ्यात त्या थरावर पाणी साचून लसूणघासाची मुळे कुजतात, आणि उन्हाळ्यात खालची ओल असूनही मका माना टाकतो. त्यातून वैरणीचे पीक बुडख्यापासून कापून गोठ्यात जाते. रानात पाचट राहत नाही, त्यामुळे माती आपोआप सुधारण्याची आशाही थोडीच.

हा थर सबसॉयलरनेच, म्हणजे जमीन न उलटता खोलवर फोडणाऱ्या अवजारानेच, फुटेल, आणि तोही एप्रिल-मेमध्ये, रान खोलवर वाळलेले असताना. ओल्या रानात थर तडकत नाही, नुसती चीर पडते. रोटाव्हेटरला माझा विरोध नाही, कारण लसूणघासाचे बी बारीक असल्याने वरची माती बारीक हवीच. पुढे लसूणघास किंवा संकरित नेपिअर गवत एकदा लावले, की नीट राखल्यास तीन वर्षे कापण्या मिळतात आणि मध्ये नांगर घालावा लागत नाही. मात्र ज्याचे फळ तीन वर्षांत मिळायचे, तो खर्च एका वर्षाच्या फाळेकऱ्याने का करावा?

इथे माझ्या रोजच्या हिशेबाच्या कामातली एक गोष्ट सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना इंड एएस ११६ हे भाडेपट्ट्यांच्या हिशेबाचे मानक लागू झाले. पूर्वी पुष्कळशा पट्ट्यांचे भाडे नुसते खर्ची पडत असे. आता वापराचा हक्क मालमत्तेत आणि पुढची देणी आजच्या मूल्याने दायित्वात दाखवावी लागतात. तुला हे बंधनकारक नाही, तरी वहीत मांडून बघ. एकरी फाळा ४०,००० रुपये, तोही वर्षअखेरीस, मुदत तीन वर्षे आणि व्याजदर १० टक्के धरला, तर एकरी एकूण देणे १,२०,००० असले तरी त्याचे आजचे मूल्य ९९,४७४ रुपये येते. हे मूल्य तीन वर्षांत सारखे वाटले, की घसारा दरसाल ३३,१५८; व्याजासह पहिल्या वर्षाचा भार ४३,१०५ आणि तिसऱ्या वर्षाचा ३६,७९४. पहिले वर्ष जड, शेवटचे हलके. सबसॉयलरचा खर्चही असाच तीन वर्षांवर पसरून बघ, म्हणजे तो डोळ्यांत खुपणार नाही. फाळा मात्र ठरावीक ठेव. पिकाच्या वाट्याने घेतलेस तर देणे पिकावर अवलंबून राहते, ते या मानकातही दायित्वात धरत नाहीत, आणि मग तुझा हिशेबच उभा राहणार नाही.

बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या पट्ट्याला या मानकात सूट आहे. त्याचे भाडे सरळ खर्ची टाकता येते. आपल्याकडच्या फाळ्याच्या रानांचे नेमके हेच झाले आहे, वर्षभराचा खर्च म्हणून ती वापरली जातात आणि मालमत्ता म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मालक मुदत वाढवायला का कचरतात, तेही समजून घे. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली, घरोघरी अजून आठवतो. कागद झाला की जमीन गेली, ही धास्ती खोटी म्हणून झटकू नकोस. कायद्यात काय बसते ते वकिलाकडून समजून घे, मालकांना सोबत ने, आणि थर फोडण्याचा फायदा शेवटी त्यांच्याच जमिनीला होणार आहे, हे त्यांना शांतपणे सांग.

पाडव्याला मी येतो. तोवर त्या रानात दोन फुटांचा एक खड्डा खणून ठेव. मालकांना तो दाखवू आणि मगच मुदतीचे बोलू.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र