डाव्या हाताची टोपी

सातारा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

चिऊची टोपी कालच कुरिअरला दिली. विकतची नाही गं, मी विणली आहे, क्रोशाची. बासष्टाव्या वर्षी शिकले.

१९७३ सालच्या मे महिन्यात आत्याने आम्हा चौघी मुलींना ओसरीवर क्रोशे शिकवायला बसवलं होतं. पांढरा दोरा आणि स्टीलची बारीक सुई. मी सुई डाव्या हातात धरली, आत्याने काढून उजव्या हातात दिली. असं तीनदा झालं. मग ती म्हणाली, "हिला नाही जमायचं," आणि मला शेंगा फोडायला पाठवलं. बाकीच्या तिघींनी पुढे रुमाल केले, तोरणं केली. मी मात्र ते बोलणं खरं मानून बसले.

शेजारच्या वहिनींनी यंदा एवढंच केलं, की मला शेजारी न बसवता समोर बसवलं. "आरशात बघताय असं समजा," म्हणाल्या. त्यांचा उजवा हात, माझा डावा. साखळी त्याच दिवशी जमली!

खरा घाम काढला तो गोलाने. टोपी वरून, शेंड्यापासून सुरू होते. पहिल्या फेरीत ६ मुके खांब, म्हणजे आखूड टाके, दुसरीत १२, तिसरीत १८, असे दर फेरीला ६ वाढवत जायचे. वाढवायचे राहिले की गोलाची वाटी होते, जास्त पडले की कडेला झालर येते. माझ्या आधी वाट्याच झाल्या. फेरी कुठे सुरू झाली तेच कळायचं नाही; आता पहिल्या खांबात सेफ्टी पिन अडकवते. सात वेळा उसवलं, पण उसवायची भीती गेली. दोन सुयांच्या विणकामात एक घर सुटलं की खालपर्यंत सुटत जातं. इथे सुईवर एकच घर असतं. चुकीपर्यंत दोरा ओढायचा, सुई परत घालायची आणि पुढे चालायचं.

तू निळी टोपी सांगितली होतीस, ती पिवळी झाली आहे. गडद लोकरीत मला चष्म्यातूनही घरं दिसत नाहीत. सुईसुद्धा जाड, ४ मिलिमीटरची घेतली, बोटं आखडत नाहीत.

परवा फोनवर तू म्हणालीस, चिऊ खडू डाव्या हातात घेते आणि घरात कुणी ना कुणी तो काढून उजव्या हातात देतं. मुक्ता, देऊ देऊ नकोस. मोठ्यांना सांगायला अवघड वाटत असेल तर माझं नाव सांग. माझी पन्नास वर्षं त्यात गेली आहेत.

आत्याचा गोल रुमाल तुझ्या कपाटात आहे ना? टोपी त्याच्या शेजारी ठेवून बघ. तिच्या फेऱ्या घड्याळाच्या उलट फिरतात, माझ्या घड्याळासारख्या. चिऊचं बोट धरून दोन्हींवरून फिरव.

टोपी गार पाण्यात धू, पिळू नकोस, टॉवेलवर पसरून सावलीत वाळव.

तुझी,
आई