काकू, तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नासाठी

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. पण दर जुलैत इथल्या कितीतरी मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर मेडिकल प्रवेशाच्या निबंधाचा विषय निघतो, म्हणून सगळ्यांसमोर तुमचे आभार मानतेय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत मेडिकलला एमकॅट या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर भागत नाही. ‘अ‍ॅमकास’ या बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामायिक सेवेच्या मुख्य अर्जात ५३०० कॅरेक्टरांत डॉक्टर का व्हायचंय ते लिहायचं. तो गेला की एकेका कॉलेजकडून सेकंडरी, म्हणजे त्यांचे स्वतःचे पुरवणी अर्ज, यायला लागतात आणि त्यांत बऱ्याच ठिकाणी एक प्रश्न असतोच: तुमच्या अनुभवांमुळे आमच्या वर्गात काय भर पडेल? हाच तो डायव्हर्सिटी निबंध.

आमच्या घरी यावर प्रत्येकाचं वेगळं मत होतं. आईला वाटत होतं, लेझीम आणि रविवारची मराठी शाळा यांवर लिहावं. बाबा म्हणत होते, प्रवेशात वंश बघण्याविरुद्धच्या २९ जून २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आपण भारतीय आहोत हा उल्लेखच नको. मैत्रिणीचं म्हणणं होतं की इथल्या मेडिकल कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांत आशियाई वंशाचे विद्यार्थी पाचांत एकाहून जास्त आहेत, मग आपण वेगळं काय सांगणार? तिघांचंही पटायचं आणि समोरचा कागद कोराच राहायचा.

तुम्ही मेडिकल कॉलेजच्या मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून आई मला तुमच्याकडे घेऊन आली. आधी तुम्ही बाबांची भीती घालवलीत. निकालपत्रातला तो भाग काढून वाचून दाखवलात. नुसता वंश बघून प्रवेश देता येणार नाही. पण वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने लिहिलं, तर ते विचारात घ्यायला बंदी नाही. फक्त त्यातून त्या मुलाचं किंवा मुलीचं धैर्य, जिद्द, क्षमता दिसायला हवी, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यात लिहिलं आहे. मैत्रिणीच्या मुद्द्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, ‘तुम्ही किती कमी आहात हे कुणी विचारलेलं नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाला तुझ्याकडून काय शिकता येईल, ते सांग.’

आणि मग विचारलंत, ‘शनिवारी सकाळी तू कुठे असतेस गं?’

आजीबरोबर, डायलिसिस सेंटरवर. आठवड्यातून तीनदा तिला जावं लागतं, खुर्चीत जवळजवळ चार तास. शनिवार माझ्याकडे. मी सांगत गेले आणि तुम्ही मध्ये एकदाही न बोलता ऐकत राहिलात. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत आजीचं वजन नको तेवढं वाढत होतं, म्हणजे अंगात पाणी साठत होतं. डाएटिशियन विचारायची, पाणी किती पिता? आजी प्रामाणिकपणे सांगायची, दोन-तीन भांडी. पण दुपारचं ताक, रात्रीचं आमसुलाचं सार, भातावरची पातळ आमटी हे तिच्या लेखी पाणी नव्हतंच, ते जेवण होतं. आणि सेंटरच्या छापील यादीत सूप होतं, ज्यूस होता, आईस्क्रीमसुद्धा होतं. पण सार नव्हतं. मी घरची स्टीलची वाटी मेजरिंग कपात ओतून मोजली आणि आजीच्या एका दिवसाचा हिशेब डाएटिशियनला नेऊन दाखवला. मग आम्ही दोघींनी बसून आपल्या पदार्थांची यादी केली. शहाळ्याचं पाणी का नको, टोमॅटोच्या साराचं पोटॅशियम (किडनीच्या पेशंटच्या अंगात ते साठतं), बटाटा सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी का टाकायचं, सगळं त्यात आलं. आता ती डाएटिशियन तिथल्या तेलुगू आणि गुजराती आजी-आजोबांनाही रसम आणि छाशबद्दल आवर्जून विचारते.

मी हे सगळं घरकामात धरत होते. तुम्ही म्हणालात, ‘हाच तुझा निबंध. पेशंट काय सांगत नाही, ते तुला ऐकू येतं.’ काकू, हे वाक्य मला किती पुरलं म्हणून सांगू! कुठे २००० कॅरेक्टर, कुठे त्याच्या निम्मे; पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्यानंतर कधी अडलं नाही. मुख्य अर्जात लिहिलेलं इथे पुन्हा उगाळू नकोस आणि आजारपणाचं दुःख रंगवू नकोस, हे तुम्ही बजावलंत तेही बरं झालं.

पण मनात सगळ्यात घर करून राहिलं ते वेगळंच. मी निघताना तुम्ही दारात विचारलंत, ‘आजीची परवानगी घेतलीस का?’ इतक्या जणांशी बोलले, हे दुसऱ्या कुणी विचारलं नाही. मी घरी जाऊन आजीला सगळा मजकूर मराठीत सांगितला. तिने वजनाचा आकडा काढायला लावला, डाएटिशियनचं श्रेय वाढवायला लावलं आणि मग हो म्हणाली. त्या दोन्ही सुधारणांनी निबंध चांगला झाला.

निबंध गेले आहेत, आता मुलाखतीच्या पत्रांची वाट बघणं चालू आहे. पुढच्या वर्षी माझी मावसबहीण अर्ज भरणार आहे. तिच्याही घरी तीन मतं आहेत. तिला घेऊन एखाद्या रविवारी येऊ का? येताना पदार्थांची ती यादीही आणते. मुगाच्या डाळीबद्दल तुमचं मत हवं आहे.

तुमची,
एडिसन गावातली (न्यू जर्सी) शेजारीण