कोलाडचं पाणी मुळशीचं

मा. संपादक,

वीकएंडला कोलाडला राफ्टिंगला जाणारे कितीतरी पुणेकर आहेत, पण सकाळी कुंडलिकेत जे पाणी येतं ते आपल्या मुळशी धरणातलं, घाटाखाली भिऱ्याला टर्बाइन फिरवून सोडलेलं, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. वीज मुंबईला, पाणी कोकणात, आणि जमिनी बुडाल्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या. १९२१ चा सेनापती बापटांचा सत्याग्रह यासाठीच होता ना! कोयनेच्या धरणग्रस्तांना तर इतक्या वर्षांनीही पुनर्वसनासाठी आंदोलनं करावी लागली.

आता घाटात पंप्ड स्टोरेजचे प्रकल्प येतायत, म्हणजे दुपारी सोलरची वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. मला हे पटतं, उगाच विरोध नाही. पण जनसुनावणीला मराठीत नुसता सारांश देतात, पर्यावरणावर काय परिणाम होणार याचा जाडजूड रिपोर्ट इंग्रजीत, तो गावात वाचणार कोण? पूर्ण रिपोर्ट मराठीत ग्रामपंचायतीत ठेवा, नदीत बारमाही किती पाणी सोडणार ते लेखी द्या आणि पाणी सोडायच्या आधी भोंगा खालच्या वाडीपर्यंत ऐकू जातो का हे साहेबांनी एकदा स्वतः जाऊन बघावं.

– एक वाचक, कोथरूड, पुणे