वार एक की दोन, ते आधी लिहून घे

लेस्टर, रविवार

ती. सौ. ताईस,
सा. न.

फोनवर सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून दाखवलास. ‘जुळी, दोन्हींचे ठोके उत्तम’, एवढ्यावर समाधान मानू नकोस. वार (गर्भाला पोसणारी, नाळ जिला जोडलेली असते ती प्लॅसेंटा) एक की दोन, हेच त्यात नाही! सूनबाईला आता बारा आठवडे झालेत. तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत हे नीट दिसतं. पुढे दोन असल्या तरी चिकटून एकच भासतात.

बघायचं ते दोन बाळांमधल्या पडद्याचं मूळ. वारेचा भाग मोदकाच्या शेंड्यासारखा निमुळता होत पडद्यात शिरला असेल, तर दोन वारा. पडदा दोऱ्याइतका बारीक असून काटकोनात टेकला असेल, तर एकच. दोन निघाल्या म्हणून ‘वेगळ्या बीजांची’ असं लगेच म्हणू नका. एकाच बीजाचे पहिल्या तीन दिवसांत दोन भाग झाले, तरी वारा दोनच होतात.

आता तुझा खरा प्रश्न: जुळ्यांत व्यंगाचा धोका जास्त असतो का? एकट्या बाळात मोठं व्यंग 100 पैकी 2-3 जणांत असतं. वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत प्रत्येक बाळाचा धोका साधारण तेवढाच राहतो. एका बीजाच्या जुळ्यांत मात्र तो दुप्पट-तिप्पट होतो. त्यात हृदयाचे दोष बरेच. आणि दिसायला एकसारखी असली, तरी व्यंग बहुतेक वेळा एकालाच असतं. ग्रहणात विळी धरण्याशी किंवा जोडकेळं खाण्याशी याचा काही संबंध नाही, हे शेजारच्या काकूंनाही सांग.

वार एक निघाली, तर 16 व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत जोडलेल्या असतात. एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागलं, की एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती वाढतं. 20 आठवड्यांपूर्वी पाण्याचा सर्वांत खोल कप्पा एकीकडे 8 सेंटिमीटरच्या वर आणि दुसरीकडे 2 च्या खाली गेला, तर लेझरने त्या जोडलेल्या वाहिन्या बंद करण्याचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. म्हणून ‘पाणी पुरेसं’ असा शेरा चालणार नाही, दोन्हींचे आकडे वेगवेगळे हवेत. मधेच पोट एकाएकी ताणलं किंवा दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. 18 ते 22 आठवड्यांत दोन्ही बाळांच्या हृदयाची इको वेगळी करून घ्या. वारा दोन असतील, तर महिन्याने एकदा सोनोग्राफी सहसा पुरते.

डबल मार्करच्या (डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता सांगणाऱ्या चाचणीच्या) रक्तात दोघांचा अंश मिसळलेला असतो, म्हणून मानेमागच्या पाण्याचं माप प्रत्येकाचं स्वतंत्र घ्यायला सांग. रक्ताची नवी डीएनए चाचणी करणार असाल, तर आधी तिसरी रिकामी पिशवी दिसली होती का ते विचार. विरून गेलेल्या गर्भामुळे निकाल फसवा येतो.

आपल्याकडे लिंग सांगायला बंदी आहे, तेव्हा बाळं ओळखायची ती जागेवरून: ‘बाळ 1, खाली डावीकडे, वार पुढे’. हे पहिल्याच रिपोर्टात येऊ दे आणि पुढे तेच नाव चालू दे. क्रमांकांची अदलाबदल झाली, तर वाढीचे आलेख निरर्थक. एकाला गंभीर व्यंग निघून त्याच्यापुरता गर्भ थांबवायची वेळ आली, तर ही चूक जिवावर बेतेल. तेव्हाही वार एक असेल, तर हृदयात औषधाचं इंजेक्शन देत नाहीत, ते दुसऱ्याकडे पोचतं. नाळेचा रक्तप्रवाह बंद करावा लागतो. कायद्याने 24 आठवड्यांनंतर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, म्हणून अनोमली स्कॅन (व्यंग शोधायची सोनोग्राफी) 20 च्या पुढे ढकलू नका.

फोलिक ॲसिड डॉक्टरांनी दिलंय तेवढंच. जुळी म्हणून मनाने दुप्पट नको. मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या महिन्यातच मिटलेली असते.

नाव नोंदवायचं ते नवजात अतिदक्षता विभाग असेल तिथेच. परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि मुलांचं हॉस्पिटल शेजारीशेजारी आहेत, दादरहून लांबही नाही. वार एक असेल, तर बाळंतपण साधारण 36 व्या आठवड्यात धरून चाला.

पडदा वारेला मिळतो त्या जागेचा फोटो मागून घे आणि मला पाठव. रिपोर्टाचं पहिलं पान नको, तेवढा फोटो पुरे.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींना नमस्कार.