कच्चे लिखाण हरवू देऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि महाविद्यालयीन शिक्षण या विषयावर अलीकडे भरपूर लिहिले जात आहे. बहुतेकांचा भर कॉपीवर असतो. कॉपी पूर्वीही होतीच, आणि ती पकडण्याचे मार्गही होते. मी पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवते. माझी काळजी वेगळी आहे. जी मुले प्रामाणिक आहेत, अभ्यासू आहेत, त्यांच्याही हातून आता कच्चे लिखाण होईनासे झाले आहे.

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र या विषयांत वाचणे आणि लिहिणे एवढेच आमचे साधन. विद्यार्थी एक विधान करतो. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचल्यावर त्याच्या लक्षात येते की हाताशी असलेला पुरावा त्या विधानाला पुरत नाही. मग तो मागे येऊन खोडतो, पुन्हा वाचतो, विधान थोडे आवरते घेतो. या खोडाखोडीत तो शिकतो. शेवटी माझ्या टेबलावर येणारा निबंध मला स्वतःला नकोच असतो, त्या विषयावरचे निबंध मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे.

एक उदाहरण देते. एकाच घटनेचे दोन वृत्तांत मी वर्गात वाचायला देते. एक अधिकाऱ्याचा अहवाल, दुसरे त्या गर्दीत असलेल्या माणसाने घरी पाठवलेले पत्र. अहवालातला जमाव मोठा आणि चवताळलेला आहे. पत्रातला लहान आणि शांत. पूर्वी मुले आधी गोंधळायची. कुणी अहवाल सरकारी म्हणून खरा धरायचा, कुणी पत्र मनापासून लिहिलेले म्हणून. वाद व्हायचा. मग कुणाच्या तरी ध्यानात यायचे की अहवाल घटनेनंतर काही दिवसांनी, बळाच्या वापराचे समर्थन करण्यासाठी लिहिलेला आहे. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचे, पण मॅडम, पत्र लिहिणारा तर गर्दीच्या शेवटी उभा होता, पुढे काय चालले आहे ते त्याला दिसणार कसे?

आता मला चॅटबॉटकडून, म्हणजे विचारले की उत्तर लिहून देणाऱ्या यंत्राकडून, घेतलेली नीटनेटकी उत्तरे मिळतात. ‘दोन्ही साधनांना आपापला दृष्टिकोन आहे आणि ती तत्कालीन संदर्भात वाचली पाहिजेत.’ यात चूक काढता येत नाही. फक्त कोण कुठे उभे होते, हे त्यात नसते. ‘हे तुला कोणत्या ओळीवरून वाटले?’ असे विचारले की विद्यार्थी कागद वरखाली करतो आणि गप्प बसतो.

हा केवळ माझ्या वर्गातला अनुभव आहे असे कुणी म्हणेल, म्हणून एका प्रयोगाचा उल्लेख करते. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे १००० विद्यार्थ्यांवर तो केला. विषय गणिताचा होता. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. नंतर चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले चॅटबॉट मुळीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. आणि आपण कमी शिकलो आहोत, हे त्यांना जाणवलेही नव्हते. थेट उत्तर न देता इशारे देणारा, शिक्षकांच्या मदतीने घडवलेला दुसरा बॉट ज्यांना दिला होता, त्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले. म्हणजे दोष यंत्र असण्यात नाही, ते उत्तर हातात ठेवते यात आहे. गणितात निदान परीक्षेत उत्तर चुकल्यावर डोळे उघडतात. आमच्या विषयांना पुस्तकाच्या शेवटी उत्तरे नसतात, त्यामुळे तो भ्रम पदवी हातात पडेपर्यंत टिकू शकतो.

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २०२५ मध्ये निबंधलेखनावर केलेला प्रयोग अवघ्या ५४ जणांवरचा होता, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधायला नको. पण त्यातली एक गोष्ट मला माझ्या वर्गातलीच वाटली. चॅटबॉटच्या मदतीने लिहिणाऱ्या बहुतेकांना लिहून झाल्यावर लगेच स्वतःच्याच निबंधातले एक वाक्यही नीट सांगता आले नाही.

संदर्भांचे तर वेगळेच. मध्यंतरी एका निबंधातली तळटीप मी ताडून पाहिली. नियतकालिक खरे, लेखक खरा, खंड क्रमांकही शक्यतेतला. त्या पानावर मात्र भलताच लेख. ही यंत्रे पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, यावर चालतात, म्हणून संदर्भासारखा दिसणारा संदर्भ ती सहज बनवतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनीच चॅटजीपीटी या चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वात नसलेले खटले दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५००० डॉलरचा दंड झाला. विद्यार्थ्याला असा दंड होत नाही, पण इतिहासात तळटीप म्हणजे ‘हवे तर जाऊन पाहा’ असे वाचकाला दिलेले वचन असते. ते मोडले तर आमच्या विषयात उरते काय?

आणखी एका नुकसानाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथा वाचकांना एकेकट्या अधिक सरस वाटल्या, पण त्या सगळ्या एकमेकींसारख्या होऊ लागल्या होत्या. वर्गात नेमके हेच घडते. साठ जणांचे म्हणणे एकच असेल तर चर्चा कशावर करायची? मागच्या बाकावरचा तो प्रश्न यायला कुणीतरी वेगळे, अगदी चुकीचेसुद्धा वाचलेले असावे लागते.

यावर संस्थांचा आवडता उपाय म्हणजे यंत्राचे लिखाण पकडणारे सॉफ्टवेअर. त्यावर माझा विश्वास नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असे साधन आणले. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला ओळखता आला आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद झाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्या साधनांनी सरासरीने यंत्राचे ठरवले. कारण उघड आहे. परक्या भाषेत लिहिणारा माणूस जपून, मोजक्या आणि सोप्या शब्दांत लिहितो, आणि असे सरळ लिखाण या साधनांना यंत्राचे वाटते. ज्याने सगळ्यात जास्त कष्ट घेतले त्यालाच चोर ठरवायचे, हा अन्याय मला सहन होत नाही.

यंत्रावर सरसकट बंदी घाला, असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरात शंका विचारायला कुणी नाही, अशा मुलाला अवघड उतारा रात्री समजावून घेता येतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला चित्राचे वर्णन मिळते. स्वतःलाच प्रश्न विचारून घेण्यासाठीही ते चांगले आहे. पण पहिले वाचन, पहिला मसुदा आणि त्यातली खोडाखोड विद्यार्थ्याचीच असली पाहिजे, विशेषतः पहिल्या वर्षी.

त्यासाठी काय करायचे, हे आम्हा शिक्षकांना माहीत आहे. काही लेखन वर्गात, हाताने करून घ्यायचे. निबंधाबरोबर टिपणे आणि कच्चा मसुदा मागायचा, आणि त्यालाही गुण द्यायचे. मग विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या निबंधावर पंधरा मिनिटे बोलायचे. तेवढ्यात सगळे कळते. अडचण वेळेची आहे. १२० विद्यार्थी असतील तर पंधरा मिनिटांप्रमाणे एका निबंधाचे ३० तास होतात. हे तास कुणाच्याही वेळापत्रकात नाहीत. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, वर्ग फुगवायचे आणि वर सॉफ्टवेअर विकत घ्यायचे, असेच चालू राहिले तर समोर बसून प्रश्न विचारणारा शिक्षक फक्त श्रीमंत संस्थांतल्या मुलांना मिळेल.

आपल्या वाचकांत प्राचार्य असतील, अभ्यास मंडळांचे सदस्यही असतील. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या सत्राचे मूल्यमापन ठरवताना तोंडी परीक्षेचे तास शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरावेत आणि कच्च्या मसुद्याला अंतर्गत गुणांत स्वतंत्र वाटा द्यावा. नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी हे दोन ठराव बैठकीपुढे आणावेत. आणि पालकांनाही एक सांगणे आहे. मुलाला गुण किती मिळाले हे विचाराल तेव्हा, त्याने लिहिले काय, हेही त्याच्याच तोंडून ऐका.

आपली,
इतिहासाची एक प्राध्यापिका